उरलेल्या शीतपेयांचा सदुपयोग

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आम्हांस पडला. थोर विषय थोरांनी हाताळावेत. आम्ही पडलो प्राथमिक शाळेतील निवृत्त शिक्षक. म्हणून आम्ही विषय निवडला तो स्वयंपाकघरातला, आणि तोही वरवर पाहता क्षुल्लक. समारंभानंतर घरात उरलेल्या शीतपेयांचे काय करावे, हा तो विषय होय.

गतवर्षी आमच्या घरी नातवाचे बारसे झाले. पंगती उठल्या आणि मोजून पाहतो तो अर्ध्यामुर्ध्या ९ बाटल्या उरलेल्या. तरुण मंडळी त्या मोरीत ओतावयास निघाली. आमचा जीव कासावीस झाला. आमचे बालपण १९७२ च्या दुष्काळातून गेलेले. रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी खाऊन आम्ही शाळेत गेलो. भाताची पेजसुद्धा वाया जाऊ न देणाऱ्या मातोश्रींच्या हाताखाली वाढलेल्यास हे दृश्य कसे पाहवणार? आम्ही बाटल्या ताब्यात घेतल्या आणि त्यांचा विनियोग करण्याचा विडा उचलला.

वास्तविक पाहता, हा प्रश्न आमच्या तरुणपणी नव्हताच. त्या वेळी काचेची लहान बाटली मिळे. दुकानाशी उभे राहून ती रिकामी करावयाची आणि परत द्यावयाची. उरण्याचा संभव तो कोठला? दोन-दोन लिटरांच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घरोघर आल्या आणि त्यांच्याबरोबर हे उरणेही आले.

आता या पेयात असते काय, ते पाहू. पाणी, साखर, आम्ल, रंग, सुवास आणि दाबून भरलेला वायू. बाटली उघडी राहिली की वायू निघून जातो आणि पेय 'मेले' असे आपण म्हणतो. परंतु जातो तो केवळ वायू. साखर आणि आम्ल जेथल्या तेथे राहतात. कोलात फॉस्फरिक आम्ल असते, लिंबाच्या व संत्र्याच्या चवीच्या पेयांत बहुधा सायट्रिक. अर्थात शिळे शीतपेय म्हणजे आंबटगोड साखरपाणीच होय. हे एकदा ध्यानात आले की त्याचा उपयोग आपोआप सुचतो.

परदेशांत ही गोष्ट नवी नाही. कोकाकोलाचा जन्म १८८६ साली अमेरिकेतील अटलांटा शहरी झाला. त्या दक्षिणेकडील प्रांतांत कोला घालून केक करतात, मांसही शिजवितात. चिनी घरांतून सोयासॉस आणि कोला यांत कोंबडीचे पंख शिजविण्याची रीत आहे. आटलेल्या साखरेची चकाकी आणि आम्लाची चव, हेच त्यातील मर्म.

आमच्या सौभाग्यवतींनी केलेले दोन प्रयोग सांगतो. पहिला शिऱ्याचा. वाटीभर रवा तुपावर खमंग भाजून, त्यात पाण्याऐवजी संत्र्याच्या चवीचे पेय दोन वाट्या गरम करून घालावे. दोन वाट्यांत सुमारे पाव वाटी साखर आधीच असते. तेवढी वरच्या साखरेतून वगळावी. दुसरा चिंचेच्या चटणीचा. दोन वाट्या कोला स्टीलच्या पातेल्यात आटवून अर्धी वाटी करावा, त्यात चिंचेचा कोळ, जिरेपूड, तिखट व मीठ घालावे. गूळ निम्माच पुरतो. कल्हई नसलेले तांब्यापितळेचे भांडे मात्र या कामी घेऊ नये, आंबटाने ते कळकते.

फजितीही सांगितली पाहिजे. दुधाच्या शेवयांच्या खिरीत आम्ही लिंबाचे पेय ओतविले आणि खीर तत्काळ नासली. आम्लाने दूध फाटते, हे आम्ही वर्गात शिकविले होते, स्वयंपाकघरात विसरलो! भज्यांच्या पिठातही हे पेय चालत नाही. हलकेपणा देणारा वायू गेलेला असतो आणि साखरेमुळे भजी आतून शिजण्याआधीच वरून करपतात.

परंतु खरी चूक निराळीच. आमच्या थोरल्या भगिनी, आक्का, मधुमेही आहेत. त्या आल्या त्या दिवशी आम्ही वरची साखर मुळीच न घालता, केवळ त्या पेयात शिरा करविला आणि मोठ्या अभिमानाने म्हणालो, "आक्का, निर्धास्त खा, साखरेचा कणही घातलेला नाही." बिचारीने विश्वासाने दोनदा मागून घेतला. सायंकाळी घरच्या यंत्रावर रक्तातील साखर पाहिली, तो आकडा भलताच चढलेला. खरी हकिकत कळताच त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अरे, जन्मभर पोरांना बेरीज शिकवलीस, आणि बाटलीतला हातचा धरायला तूच विसरलास?"

ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही. नेहमीच्या कोलात दर १०० मिलिलिटरांस सुमारे १० ते ११ ग्रॅम साखर असते. अर्ध्या लिटरात चहाचे दहा चमचे झाले! चार पैसे वाचविण्याच्या भरात आम्ही हा हिशेब सोडला आणि बहिणीच्या प्रकृतीशी खेळ केला. डोळस नसेल तर काटकसरही घातक ठरते.

म्हणून आमची विनंती अशी. पहिले, बाटलीवरील मजकूर वाचावा आणि तिच्यातील साखर हिशेबात धरावी. साखरविरहित पेये शिजविण्यात घेऊ नयेत. त्यांतील काही गोडवे उष्णतेने नाहीसे होतात. दुसरे, पेल्यांतील उष्टे किंवा तोंड लावलेल्या बाटलीतील पेय मोरीतच जावे. स्वच्छ उरलेले मात्र झाकण लावून शीतपेटीत ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे. तिसरे, पदार्थात काय घातले आहे, हे पानावर बसलेल्यास, विशेषतः वडीलधाऱ्यांस, वाढण्यापूर्वी सांगावे. कोलातील कॅफीन आटविल्यानेही जात नाही, तेव्हा मुलांच्या बाबतीतही हे पथ्य पाळावे.

आणि शेवटची गोष्ट आपल्या कार्यकारिणीस. उरलेल्याचा सदुपयोग चांगला, परंतु उरूच न देणे त्याहून चांगले. पुढील संमेलनात बाटल्या मोजक्या आणाव्यात, आणि त्यांच्या शेजारी कोकमाचे सरबत आणि बिनसाखरेचे ताक यांची पिंपे ठेवावीत. आक्का त्या संमेलनास येणार आहेत. त्यांच्या हाती ताकाचा पेला निःशंक मनाने देता यावा, एवढीच आमची इच्छा आहे.