घुबडाच्या नाण्यावरची चीर

प्राचीन ग्रीक नाणी जपणाऱ्या मोठ्या वस्तुसंग्रहालयांत एक नाणं हमखास भेटतं. वजन सव्वासतरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दीड तोळा चांदी. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड. घुबडाचं अंग बाजूने दिसतं, तोंड मात्र थेट आपल्याकडे वळलेलं. पाठीमागे ऑलिव्हची डहाळी नि चंद्रकोर, पुढे अथेन्सच्या नावाची पहिली तीन अक्षरं. हे अथेन्सचं चार ड्रॅक्मांचं नाणं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कुशल कारागिराला दिवसाला एक ड्रॅक्मा मिळे, म्हणजे ही त्याची चार दिवसांची कमाई.

चांदी अथेन्सजवळच्या लॉरिऑनच्या खाणींतली. इसवी सनापूर्वी ४८३च्या सुमारास तिथे मोठं घबाड लागलं. ते नागरिकांत वाटून टाकायचं ठरत होतं, पण अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लिस याने लोकांना त्यातून जहाजं बांधायला लावली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस दोनशे जहाजांचा आकडा देतो. तीन वर्षांनी सॅलमिस बेटाजवळच्या समुद्रात ग्रीसवर चालून आलेल्या इराणी आरमाराचा पराभव झाला, तो याच जहाजांच्या बळावर.

आता देवीचा डोळा पाहा. चेहरा बाजूने कोरलेला, पण डोळा समोरून पाहावा तसा. ही जुनी धाटणी. अथेन्समध्ये अथीनेचं पार्थेनॉन मंदिर उभं राहत होतं, शिल्पकला कुठल्या कुठे पोहोचली होती, तरी टाकसाळीने हा चेहरा बदलला नाही. इजिप्तपासून सीरियापर्यंतचे व्यापारी याच चेहऱ्यावर विश्वास ठेवत. तो बदलला असता तर नाणं हातात घेताना माणूस बिचकला असता.

तरीही पारख होतच असे. अनेक नाण्यांवर छिन्नीची खोल चीर दिसते, कधी थेट घुबडाच्या अंगावरून गेलेली. वर चांदीचा मुलामा नि आत तांबं तर नाही ना, हे पाहण्यासाठी मारलेला तो घाव. अनेक संग्राहक अशी नाणी नाकारतात. मला मात्र तीच सर्वांत मोलाची वाटतात, कारण ती खरोखर बाजारात फिरली, संशयाला सामोरी गेली आणि अस्सल ठरली.

खुद्द अथेन्समध्ये या पारखीचा कायदा होता. इसवी सनापूर्वी ३७५-३७४चा तो शिलालेख १९७० साली तिथल्या प्राचीन बाजारचौकात सापडला. सरकारी पारख्याने रोज सराफांच्या मेजांपाशी बसायचं. आत तांबं किंवा शिसं निघालं तर नाणं तिथल्या तिथे चिरायचं. त्याने खरं ठरवलेलं नाणं जो दुकानदार नाकारील, त्याचा त्या दिवशी विकायला मांडलेला माल जप्त. आणि पारख्याने कामात कसूर केली तर त्याला पन्नास फटके.

हा पारखी गुलाम होता. साऱ्या शहराचा व्यवहार ज्याच्या शब्दावर चालायचा, त्याला स्वतःवर मात्र हक्क नव्हता. लॉरिऑनच्या अरुंद बोगद्यांत चांदी खणणारेही बहुतांशी गुलामच.

नाण्याशेजारच्या पाटीवर देवी, घुबड, धातू आणि साल असतं. संग्रहालयांना माझी कळकळीची विनंती आहे, त्याच पाटीवर खाणीतल्या आणि बाजारातल्या या माणसांसाठी दोन ओळींची जागा करा.