घाटवाटांची पारख

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातले दोन डोंगरी तालुके. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे, पण बाजाराला निघालेला माणूस अजून वेल्ह्यालाच जातो. या तालुक्यांच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार आहे आणि धारेपलीकडे एकदम खाली कोकण. हल्ली सुट्टी आली की जीपगाड्या घेऊन पुष्कळ मंडळी या बाजूस येतात. शाळांच्या सहलीही येतात. चाकांवर बसून डोंगरात जितके आत जाता येईल तितके जावे, ही हौस वाईट नव्हे. मात्र कोणती वाट कोणाला झेपेल, हे आधी पारखावे लागते. त्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

अमेरिकेत कोलोरॅडो, युटा अशा डोंगराळ मुलखांत जीपच्या कच्च्या वाटांना सोपी, मध्यम, कठीण अशी प्रत लावलेली असते. आपल्याकडे तशी पाटी सहसा दिसत नाही. पण आपल्याकडे प्रतवारीच नव्हती, असे कोणी म्हणू नये. ती आपल्या शब्दांतच आहे. घाट म्हटला की तिथून लादलेला बैल उतरत असे. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली दगडधोंड्यांनी भरलेली घळ, माणसाने हात टेकीत उतरावयाची. आणि निसणीची वाट म्हणजे शिडीवाचून जिथे गती नाही अशी. केळदजवळचा तो मढे घाट, आणि सिंगापूर-मोहरीकडची ती बोराट्याची नाळ. नाव ऐकले की जुना वाटसरू पाठीवर ओझे किती घ्यावयाचे ते ठरवीत असे. एवढी अक्कल एका शब्दात साठवलेली आहे!

मोटारीसाठी अशीच एक साधी कसोटी मी लावतो. त्या वाटेवर गावचे लोक रोज काय चालवतात, ते विचारावे. एस.टी. जात असेल तर ती पहिली पायरी. घाटाचा सराव असलेल्याने खुशाल जावे. एस.टी. नाही पण दुधाची किंवा मालाची पिकअप जाते, तर ती दुसरी. तिथे चालवणारा तयारीचा हवा आणि गाडीचे पोट जमिनीपासून उंच हवे. नुसता ट्रॅक्टर जात असेल तर चारही चाकांना जोर पोचवणाऱ्या जीपखेरीज तिथे शिरू नये, आणि एकट्या गाडीने तर नाहीच. ट्रॅक्टरही जात नसेल, तर गाडी झाडाखाली लावून पाय मोकळे करावेत हे उत्तम. हातातल्या फोनवरचा नकाशा या चारही वाटा सारख्याच रेघेने दाखवतो, हे विसरू नका.

आता प्रत्यक्ष वाटा पाहू. भोरहून नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेने वरंध घाटाकडे जाणारा रस्ता नवख्याला बरा. डांबरी, पण वळणांचा. घाटमाथ्यावर शिरगावापाशी नीरेचा उगम आहे. पुढे कावळ्या किल्ल्याची डोंगरधार कापून रस्ता महाडकडे उतरतो आणि खाली समर्थांच्या नावाने ओळखली जाणारी शिवथरघळ राहते. दुसरा पाबे घाट. खानापूरहून रांजण्यावरून वेल्ह्याला येताना हा लागतो. लांबीने लहान, पण चढ खडा आणि वळणे आवळलेली. डोंगरातला पक्का रस्ता आखताना इंजिनिअर साधारणपणे वीस फुटांस एक फूट चढ धरतात. असे जुने आडरस्ते त्या हिशेबात बसतातच असे नाही. पाब्याच्या खिंडीतून राजगड आणि तोरणा समोर उभे दिसतात, म्हणून चालवणाऱ्याचे लक्ष तिकडे जाते. त्याने ते खिंडीत थांबून पाहावेत.

वेल्ह्याहून पासलीमार्गे केळदला गेले की मढे घाटाचे तोंड येते. सिंहगड घेताना पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठला नेला, असे सांगतात. चाकांची सोय केळदपर्यंत. पुढला घाट पायांचा आहे. सर्वांत अवघड ती सिंगापूर-मोहरीची बाजू. तिथल्या पठाराच्या कडेवरून लिंगाणा आणि त्यामागे रायगड दिसतो. तो देखावा एकदा पाहिलेला माणूस पुन्हा जातोच. पण तिकडच्या रस्त्याची तब्येत दर पावसाळ्याला पालटते. गेल्या वर्षी कोणाची गाडी गेली होती, या साक्षीवर विसंबू नये. हारपुडात थांबून विचारावे.

कारण वाटेची प्रत कायमची ठरलेली नसते. जानेवारीत दुसऱ्या पायरीची असलेली वाट जुलैत चौथ्या पायरीवर जाते. मुरमाचा रस्ता पाऊस सोसतो. चिकण मातीचा साबणासारखा होतो. फरशीवरून ओढा वाहू लागला की तळ दिसत नाही, आणि तळ दिसत नाही तिथे गाडी घालू नये. पलीकडे कोणी तरी गेलेले दिसते, एवढ्यावर तर मुळीच नको. शिवाय दरडी आहेत. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात वरंध घाटाचा रस्ताही ठिकठिकाणी खचला. पावसाळ्यात तो घाट बंद ठेवण्याचे हुकूम निघतात, ते उगीच निघत नाहीत. लाकडी आडकाठी बाजूला सारून जाणारे शूर लोक असतात. त्यांना शोधावयाला रात्री दोरखंड घेऊन जावे लागते ते मात्र गावच्या पोरांना.

उताराविषयी एक सांगतो. चढताना इंजिन ओरडते, म्हणून माणूस सावध असतो. उतरताना सारे शांत असते. ज्या गिअरमध्ये गाडी चढली, त्याच गिअरमध्ये ती उतरवावी. नुसत्या ब्रेकवर उतरवली की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकडेनासे होतात. अरुंद घाटात समोरासमोर आलात तर उतरणाऱ्याने बाजूला थांबावे आणि चढणाऱ्याला वाट द्यावी, असा कायद्याचाच नियम आहे.

गावकऱ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट. वाट चुकलेली जीप परत फिरवण्यासाठी भातखाचरात घातली की बांध फुटतो. लावणीच्या दिवसांत फुटलेल्या बांधातून पाणी निघून गेले, तर त्या घरचे वर्षाचे भात धोक्यात येते. पाहुण्याला ते खाचर हिरवा गालिचा वाटते. तेव्हा वळायला जागा कुठे आहे, हे आत शिरण्यापूर्वीच विचारून घ्यावे. आणि गावानेही वाटेच्या तोंडाशी एक फळी लावून 'पुढे गाडी वळत नाही' एवढी चार अक्षरे लिहून ठेवावीत.

शिक्षकबंधूंनी सहलीसाठी रायरेश्वराचा विचार जरूर करावा. भोरहून आंबवड्यावरून कोर्ल्याकडे जाताना नागेश्वराचे देऊळ आणि झुलता पूल पाहून होतो. वर केंजळगड आणि रायरेश्वर यांच्यामधल्या खिंडीपर्यंत लहान गाड्या चढतात. तिथून पठारावर जावयाचे ते लोखंडी शिडीने. पठारावर जंगम मंडळींची वस्ती आणि शेती आहे. त्यांना ट्रॅक्टर हवा होता, तेव्हा त्यांनी तो खाली सुटा केला, एकेक भाग खांद्यावरून शिडीने वर नेला आणि वर पुन्हा जोडला. मुलांना हे तिथेच, शिडीपाशी उभे करून सांगावे. सहलीची बस मात्र कोर्ल्यातच उभी करावी, वरच्या खड्या चढावर तिला नेऊ नये. सकाळी लवकर चालावयास लागावे, बरोबर पाणी भरपूर असावे, शिडीवर एका वेळी थोडीच मुले सोडावीत, आणि ऊन कलण्यापूर्वी सगळी मोजून खाली आणावीत.