गोवर्धनच्या विणकरांकडील ठेव
(एका व्याख्यानाचा संपादित मजकूर)



प्राचीन भारतातील राज्ये आणि नगरे यांचा विषय निघाला की आपली दृष्टी सहसा राजधानीकडे आणि राजाच्या विजययात्रांकडे वळते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने माझा प्रश्न निराळा आहे. या वैभवाचा खर्च कोणाच्या श्रमातून भागत होता? उत्तरासाठी पाटलिपुत्रापर्यंत जाण्याचे कारण नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत भिंतीवर हिशेबच कोरून ठेवलेला आहे.

क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने येथील लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्यासोबत ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, केली. वर्ष ४२ असे लेखात नमूद आहे. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली : एकीकडे २,००० दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे घ्यायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते. आणि लेख सांगतो की वर्षावासातील वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. गुणाकार करून पाहा, हिशेब पैपर्यंत जुळतो! हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदविलाही होता.

आता हे दर पाहा. कौटिलीय अर्थशास्त्र दरमहा शेकडा सव्वा हा धर्म्य दर मानते, व्यापारी कर्जाला पाच आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. त्या मानाने विणकरांचे वर्षाला बारा आणि नऊ टक्के हे दर सौम्यच म्हटले पाहिजेत. ज्याची पत मोठी त्याला पैसा स्वस्त मिळतो, हा नियम तेव्हाही लागू असावा. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. राजाचा जावई आपली चिरंतन ठेव राजकोषात ठेवीत नाही, मागावर बसणाऱ्यांच्या संघटनेकडे ठेवतो. त्याचा अंदाज चुकीचा नव्हता. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचे राज्य बुडविले. १९०६ साली जोगळटेंभीला सापडलेल्या नहपानाच्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. राज्ये अशी उलटत. माग मात्र चालू राहणार होते. पुढे आभीर ईश्वरसेनाच्या काळातही आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठीची ठेव याच परिसरातील तेली व अन्य कारागीर श्रेणींकडेच ठेवली गेली.

तथापि श्रेणींचे हे चित्र पाहून कोणी सुवर्णयुगाच्या आरत्या ओवाळू नयेत. शेकडा एक व्याज आकाशातून पडत नाही. पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथील माल गाड्यांतून भडोचला जात असे आणि तगरच्या मालात कापड होते, हे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथावरून दिसते. कापडाला अशी दूरची बाजारपेठ असल्याशिवाय श्रेणीला भांडवलही पेलले नसते आणि व्याजही. पण सूत कातणाऱ्या हातांना त्यातले काय मिळे, यावर लेण्यांच्या भिंती मुक्या आहेत. दात्याचे नाव कोरले जाते, कातणारणीचे नाही.

जमिनीची कथा याहून बोलकी आहे. गौतमीपुत्राने आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठविली : पूर्वी उषवदाताकडे असलेले कखडी गावचे २०० निवर्तने शेत भिक्षूंना द्यावे. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, कोणी हात लावू नये, मिठासाठी खणू नये. या सवलतींची यादी वाचली म्हणजे एरवी साध्या शेतकऱ्याच्या रानात कोण कोण शिरत असे, याची कल्पना येते. अशा माफीच्या दानांतून पुढील सरंजामी व्यवस्थेची बीजे शोधणाऱ्या रामशरण शर्मांसारख्या इतिहासकारांचे म्हणणे मला मूलतः पटते.

आणि सहाच वर्षांनी, २४ व्या वर्षी, राजाला व राजमातेला दुसरी आज्ञा काढावी लागली. कारण लेखातच दिले आहे : ते शेत कोणी कसत नाही आणि ते गाव वसलेले नाही. माणसे लढाईमुळे परागंदा झाली की करामुळे, हे लेखात नाही. राजाने शेत दिले होते, कर माफ केला होता, शिपायांना मज्जाव केला होता. नांगर धरणारा मात्र आज्ञापत्राने देता आला नाही. अखेरीस नगराच्या सीमेवरची १०० निवर्तने राजकीय जमीन भिक्षूंना द्यावी लागली, म्हणजे मूळच्या निम्मी.