मुचलका एका वर्षाचा, नोंद पंचाहत्तर वर्षांची



मी वकील नव्हे. कायदा शिकलो तो कामगारांच्या खटल्यांत, कोर्टाच्या बाकावर बसून. तेव्हा ज्या कागदाशी आमचा रोजचा संबंध, तिथूनच सुरुवात करतो. तो कागद म्हणजे चॅप्टर केस.

संप जवळ आला की शांतताभंगाची भीती दाखवून कार्यकर्त्यांकडून जातमुचलका लिहून घेतात. पूर्वी हे कलम १०७ होते, २०२४ पासून नव्या संहितेत १२६ झाले. गुन्हा घडलेला नसतो, खटलाही नसतो. मुदत फार तर एक वर्ष.

आता २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा पाहा. छायाचित्र, ठसे, बुबुळाची प्रतिमा कोणाकडून घ्यावी, याच्या यादीत शिक्षा झालेले व अटक झालेले आहेतच; पण शांतता राखण्याचा मुचलका देण्याचा हुकूम झालेलेही आहेत. इंग्रजांच्या १९२० च्या कायद्यात मुचलका होता तो फक्त चांगल्या वर्तणुकीचा. स्वराज्यात यादी लांबली! आणि नोंद राहणार ७५ वर्षे. निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसण्याची तरतूद आहे. पण ज्याच्यावर खटलाच नाही, तो निर्दोष सुटणार कधी?

ही छायाचित्रे पूर्वी फायलीत पडून राहत. आज महाराष्ट्र पोलिसांची ‘अँबिस’ यंत्रणा ठसे, बुबुळ आणि चेहरा ताडून माणूस शोधते. चोर सापडावा, हरवलेले मूल घरी यावे, हे कोणाला नको आहे? पण मोर्च्यातल्या गर्दीवर असे यंत्र केव्हा लावावे आणि कोणाच्या परवानगीने, याबद्दल या कायद्यात अवाक्षर नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यावर मर्यादा घालायची तर कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०२० साली साउथ वेल्स पोलिसांचा असा वापर बेकायदा ठरवला. यादीत कोण आणि कॅमेरा कुठे, हे फार करून पोलिसांच्या मर्जीवर सोडले होते, हे त्याचे एक मुख्य कारण.

आपली मागणी त्याहून मोठी नाही. मुचलक्याची मुदत संपली की त्यासोबतचे छायाचित्र नष्ट व्हावे. आणि सभेतले, मोर्च्यातले चेहरे ताडण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याचा लेखी हुकूम असावा. लोट्याच्या कारखान्यांतल्या पोरांनी फाटकावर उभे राहण्यापूर्वी एवढे तरी कायद्यात लिहिलेले मला पाहायचे आहे.