वार्धक्य आणि श्रम



चैत्रांत मोह वेंचावा, वैशाखांत तेंदूचीं पानें तोडावीं, पावसांत धानाची रोवणी करावी, असा चंद्रपूर-गडचिरोलीच्या ह्या वनप्रदेशांतील श्रमांचा क्रम आहे. म्हातारपण आलें म्हणजे मात्र आम्ही वडिलांस मायेनें म्हणतों, "आतां बसा." ह्या मायेंतच हानि आहे, हें आज आम्हांस सांगावयाचें आहे.

तिशीनंतर स्नायू दर दशकास शेंकडा ३ ते ८ झिजतात. साठीनंतर झीज वाढते, आणि बसून राहणाऱ्याची अधिकच. तथापि ती थोपवितां येते. १९९० सालीं बोस्टन येथें नव्वदीच्या सुमाराच्या वृद्धांकडून ८ आठवडे पायांनीं वजन उचलविलें, तेव्हां त्यांच्या पायांचें बळ दुपटीहून अधिक झालें.

आंतड्याचेंही तसेंच. तेथील सूक्ष्म जंतु भाजीपाला व कडधान्यांतील चोथा आंबवून ब्यूटिरेट नांवाचें द्रव्य करितात; त्यावर आंतड्याचें अस्तर पोसतें. इलिनॉय विद्यापीठाच्या २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ६ आठवड्यांच्या व्यायामानें सडपातळ प्रौढांत तें वाढलें, व्यायाम सुटतांच ओसरलें. ते प्रौढ वृद्ध नव्हते. तरी चालण्यानें कोठा साफ राहतो, हा अनुभव वृद्धांचाही आहे.

म्हणून वडिलांचें काम काढून घेऊं नये, हलकें करावें. आठवड्यांतून ५ दिवस अर्धा तास चालणें, २ दिवस बाजेवरून हात न टेकतां उठबस, आणि भातासोबत पुरेसें वरण किंवा अंडें, एवढें घरोघर साधेल. छातींत दुखणें वा दम लागणें असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. त्यांच्या पावलाशीं आपलें पाऊल जुळवून चालावें, हीच त्यांची खरी सेवा होय.