पत्रिका वाचू या आपणच

हातातलं काम चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा. नसेल तर परातीतल्या पिठावर बोटाने रेघा ओढल्या तरी चालतील. आज आपण जन्मपत्रिका बघायला शिकणार आहोत. भविष्य सांगायला नाही, त्या कागदावर लिहिलेलं काय असतं तेवढंच समजून घ्यायला.

ही वेळ आमच्यावर का आली, ते आधी सांगतो.

आमच्या गटात अकरा जणी आहोत. महिन्याची बचत प्रत्येकी शंभर रुपये. एका बैठकीत एका ताईंनी कर्जाचा अर्ज ठेवला, अकरा हजारांचा. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरीले मंगळ हाय म्हन्ते. शांती केल्याशिवाय पाव्हने समोर येत नाईत."

अकरा हजार म्हणजे आम्हा अकरा जणींची दहा महिन्यांची बचत. व्याज शेकडा दोन, म्हणजे पहिल्याच महिन्याला दोनशेवीस रुपये. पण बोलणार कोण? प्रश्न लेकीच्या लग्नाचा होता. शेवटी आमच्या कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या, "मंगळ आहे म्हणता, तर कुठे आहे तो? दाखवा तरी." ताईंनी पिशवीतून पत्रिका काढली. अकरा डोकी वाकली, आणि एकीलाही काही कळेना. आमच्यात पासबुक वाचणाऱ्या आहेत, सातबारा वाचणाऱ्या आहेत, बी.ए. झालेल्याही आहेत. पण ज्या कागदावर लेकीचं लग्न अडलं, तो आम्हाला वाचता येत नव्हता. अर्जावरचा निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला आणि गावातल्या एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. ते पंचांग बघतात. दोन दुपारी त्यांनी शिकवलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

आता एक चौकोन काढा. समोरासमोरचे कोपरे जोडा, फुली तयार होईल. मग चारही बाजूंचे मध्य एकमेकांना जोडा. रांगोळी काढणाऱ्या हाताला हे अवघड नाही. मोजा, बारा घरं झाली. मधे चार मोठी, कडेला आठ त्रिकोणी. वरचं मधलं मोठं घर पहिलं. तिथून डाव्या हाताने मोजत खाली उतरायचं. डावीकडचं मोठं घर चौथं, खालचं सातवं, उजवीकडचं दहावं.

या घरांना स्थानं म्हणतात. पहिलं तनुस्थान, म्हणजे आपलं शरीर. दुसरं धनाचं, तिसरं भावंडांचं, चौथं आई आणि घराचं, पाचवं संततीचं, सहावं शत्रू आणि रोगाचं, सातवं जोडीदाराचं, आठवं मृत्यूचं, नववं भाग्याचं, दहावं कामधंद्याचं, अकरावं लाभाचं, बारावं खर्चाचं. घरं जागची हलत नाहीत.

घरात जे आकडे दिसतात, ते घराचे नाहीत, राशीचे. इथेच सगळ्या जणी चुकतात. १ म्हणजे मेष, २ वृषभ, ३ मिथुन, ४ कर्क, ५ सिंह, ६ कन्या, ७ तूळ, ८ वृश्चिक, ९ धनू, १० मकर, ११ कुंभ, १२ मीन. बाळ जन्मलं त्या क्षणी पूर्वेला जी रास उगवत होती, तिचा आकडा पहिल्या घरात लिहितात. तेच लग्न. लग्नाच्या मांडवातलं नव्हे, पत्रिकेतलं. दिवसभरात बाराही राशी उगवतात, म्हणून लग्न साधारण दर दोन तासांनी बदलतं. आणि "माझी रास अमुक" असं आपण म्हणतो ती चंद्राची रास. पत्रिकेत "चं" ज्या आकड्याशी लिहिलेला, ती आपली रास. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो.

बाकी अक्षरं ग्रहांची. र, चं, मं, बु, गु, शु, श, रा, के. यातले राहू-केतू आकाशात दिसत नाहीत. सूर्याची वाट आणि चंद्राची वाट जिथे एकमेकींना छेदतात, ते दोन बिंदू आहेत. म्हणून ते नेहमी समोरासमोरच्या घरात असतात. नसतील, तर पत्रिका चुकीची.

अशा आणखी खुणा आहेत. संक्रांतीला सूर्य मकरेत जातो, हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे मध्य जानेवारी ते मध्य फेब्रुवारीत जन्मलेल्याचा रवी १० या आकड्याशीच हवा. पुढे दर महिन्याला एक रास. मध्य एप्रिल ते मध्य मे मेष. अमावास्येचा जन्म असेल तर रवी आणि चंद्र एकाच घरात किंवा शेजारी, पौर्णिमेचा असेल तर समोरासमोर. बुध सूर्याला सोडून फार लांब जात नाही, एखादं घर इकडे-तिकडे. शुक्र फार तर दोन घरं.

आणि सगळ्यात उपयोगाची खूण वेळेची. पत्रिकेत रवी म्हणजे घड्याळाचा काटा समजा. सूर्योदयाला जन्म, तर रवी वर, पहिल्या घरात. दुपारी बाराच्या सुमाराला उजवीकडे दहाव्यात. सूर्यास्ताला खाली सातव्यात. मध्यरात्री डावीकडे चौथ्यात. एखादं घर मागेपुढे होतं, पण सकाळची संध्याकाळ होत नाही.

पुढच्या बैठकीत तीच पत्रिका पुन्हा सतरंजीवर उघडली. वरच्या घरात ११ आणि तिथे रवी. खालच्या घरात ५ आणि तिथे चंद्र. मंगळ डावीकडे, चौथ्यात. आम्ही ताईंना विचारलं, पोरगी कधीची? त्या म्हणाल्या, होळीची. बरोबर, होळी म्हणजे पौर्णिमा, रवी-चंद्र समोरासमोर. तारीख जुळली. मग वेळ विचारली. ताई म्हणाल्या, "दिवस बुडत होता. पुरणाचा निवद तयार होता, होळी पेटवाची होती. मले चांगलं आठवते."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. दिवस बुडताना जन्म, आणि रवी पहिल्या घरात? तिथे तर तो सूर्योदयाला असतो. पत्रिकेच्या कोपऱ्यात वेळ छापली होती, सकाळी ६ वाजून २० मिनिटं. ताईंनी चिठ्ठीवर नुसतं ६.२० लिहून दिलं होतं. संगणकावर भरणाऱ्याने सकाळ धरली. वेळ बारा तासांनी सरकवली की सगळं चित्र उलटं होतं. रवी वरून खाली गेला, चंद्र खालून वर आला. आणि मंगळ? चौथ्यातून दहाव्यात. आमच्याकडे मंगळ धरतात पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या घरात. दहाव्यात नाही. गुरुजींनी नवी पत्रिका मांडून दिली, तीही अशीच आली.

बैठकीत हसू फुटलं. ताईंनी डोळे पुसले. अर्ज त्यांनी स्वतःच मागे घेतला.

पण गोष्ट इथे संपली नाही. आमच्यातल्या सगळ्यात वडील काकू कोपऱ्यातून म्हणाल्या, "माहीबी पाहा न." पत्रिका कुठाय विचारलं, तर नाही. जन्मवेळ? "माय म्हने, ढोरं घरी येत होते." तारीखही नाही. मग मंगळ आहे हे कोणी सांगितलं? "नावावरून पाह्यलं होतं." त्या मंगळापायी काकूंना सतराव्या वर्षी बिजवराला दिलं. दोन पोरांचा बाप. काकूंनी ती पोरं वाढवली, त्यांची लग्नं लावली.

नावाच्या पहिल्या अक्षरावरून फार तर चंद्राचं नक्षत्र धरता येतं, तेही नाव त्या अक्षरावरून ठेवलेलं असेल तरच. लग्न कळत नाही. लग्न नाही तर घरं नाहीत, आणि घरं नाहीत तर मंगळ कोणत्या घरात ते ठरतच नाही. हे आम्ही काकूंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मंग मले कायचा मंगळ होता?"

कोणालाच उत्तर देता आलं नाही.

घरी गेल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. ताईंच्या लेकीचा मंगळ वेळ दुरुस्त केल्यावर गेला. ज्या मुलीची वेळ बरोबर आहे आणि मंगळ चौथ्यातच आहे, तिने काय करायचं? म्हणून आम्ही आणखी एक हिशेब केला. बारा घरांपैकी पाच घरं मंगळाची. आज आकाशात मंगळ आहे तिथेच आहे, एका राशीत तो साधारण दीड महिना असतो. पण लग्न दर दोन तासांनी बदलतं. म्हणजे कोणत्याही एका दिवशी पाच दुणे दहा तासांत जन्मलेली सगळी बाळं मंगळाची, उरलेल्या चौदा तासांतली बिनमंगळाची. काही ठिकाणी दुसरं घरही धरतात, तिथे निम्मी बाळं मंगळाची. गावातल्या बारा संसारांकडे बघा आणि सांगा, पाच जणींचे नवरे गेले का?

गुणमेलनाचंही असंच. छत्तीस गुण म्हणजे एकापासून आठपर्यंतची बेरीज. वर्णाला १, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, राशिकूटाला ७, नाडीला ८. हे सगळं दोघांच्या चंद्रावरून, बाकी ग्रहांकडे बघतही नाहीत. सत्तावीस नक्षत्रांच्या तीन नाड्या, प्रत्येकीत नऊ. म्हणजे कोणतीही तीन स्थळं घ्या, साधारण एकात नाडी एक निघणारच. आणि एकनाडी म्हणजे रक्त एक, असं नाही. रक्त बघायचं तर रक्तच तपासावं लागतं. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

एक माहिती अजून. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पाठवल्या आणि विचारलं, यातली कोणती कुणाची ते सांगा. सत्तावीस जणांनी उत्तरं दिली. नुसता छापा-काटा केला तरी निम्मी बरोबर यावीत. त्यांची सरासरी आली ४६ टक्के.

पत्रिका फाडून टाका, असं आम्ही म्हणत नाही. देवघरात ठेवा, बारशाच्या नावासाठी बघा, ज्याची त्याची श्रद्धा. गटानेही शांतीसाठी कर्ज द्यायचंच नाही, असं ठरवलेलं नाही. ठरलंय ते एवढंच. असा अर्ज आला की पत्रिका सतरंजीवर उघडायची. जन्मवेळ कोणी सांगितली, सकाळची की संध्याकाळची, ते आईला विचारायचं. रवी जागेवर आहे का ते बघायचं. मंगळाचं घर स्वतः मोजायचं. मग अर्जाचं बोलायचं.

ताईंच्या लेकीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. पाव्हण्यांनी नवी पत्रिका मागितली. लेक म्हणाली, देते, पण मुलाचा सिकलसेलचा रिपोर्ट घेऊन या. अजून आलेले नाहीत. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परीक्षेचा अभ्यास करते आहे.

आणि काकूंनी आम्हाला एक काम सांगितलं आहे. त्यांच्या नातीला गेल्या महिन्यात मुलगी झाली. "वेळ नीट लिहून ठेवजा," म्हणाल्या, "सकाळ का संध्याकाळ तेबी." आम्ही लिहून दिली आहे. तुमच्या घरात नुकतंच बाळ आलं असेल, तर तुम्हीही आजच लिहून ठेवा.