समृद्धी संपते तिथून पुढे

आपल्या कारंजा तालुक्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. त्यापुढे मात्र शहरी कोंडी गाठते. मोटारीत बहुधा एकटाच माणूस. त्यात कडेला एखादा टेम्पो माल उतरवायला थांबला की अख्खी मार्गिका बंद.

नुसत्या पुलांनी हे सुटत नाही. पुण्यातल्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल तर मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडावा लागला. खरा उपाय बस, लोकल, मेट्रो! चाळीस माणसं एका बसमध्ये मावतात. त्यांच्या चाळीस मोटारींची रांग दोनशे मीटरच्या पुढे जाते. म्हणून मुंबईत कामाला जाल तेव्हा गाडी स्टेशनच्या वाहनतळावर लावा आणि पुढे लोकलने जा.